फिकट रक्ताची धाव

मराठीत ‘काळीज’ या शब्दाचे दोन पत्ते आहेत. बोलण्यात आणि कवितेत काळीज म्हणजे हृदय. काळजाचा ठोका चुकतो, काळजाला घरे पडतात. पण मटणाच्या दुकानात जाऊन काळीज मागा. खाटीक तुम्हाला यकृत तोलून देईल. उर्दूचेही तसेच आहे. जिगर म्हणजे यकृत. तरीही जिगरी दोस्त म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे यकृत येत नाही, आणि शायराच्या जिगरचे रक्त होते तेव्हा तो वैद्याकडे जात नाही.

माझा वावर या दोन्ही भाषांत असल्याने मला या शब्दांचे कुतूहल वाटत आले आहे. माया, धैर्य, जिव्हाळा हे सगळे लोकांनी हृदयाच्या वीतभर खाली, उजव्या बरगड्यांच्या आड का ठेवले असेल? हा केवळ शब्दांचा घोळ नाही. रक्त यकृतात तयार होते, ही फार जुनी समजूत त्यामागे आहे. जिथे रक्त, तिथे जीव. जिथे जीव, तिथे माया. ही समजूत कशी टिकली, कशी मोडली आणि मोडूनही तिच्यातले काय खरे ठरले, याची गोष्ट आज सांगायची आहे.

ती सांगण्याचे एक कारण आहे. यकृताचा जुना आजार असलेला माणूस हळूहळू फिकट पडतो. अंगात रक्त कमी आहे, असे आपण म्हणतो. एखाद्या रात्री त्याला रक्ताची उलटी होते. घरचे लोक त्याला घेऊन इस्पितळात धावतात, मग रक्तपेढीत धावतात. चार बाटल्यांची सोय होते, आणि डॉक्टर म्हणतात, ‘तूर्त एकच देऊ.’ बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांच्या मनात शंका उभी राहते: रक्त समोर असताना देत का नाहीत? पैशांचे काही आहे का? हयगय चालली आहे का? मी वैद्यकाचा माणूस नाही. पण या शंकेचे उत्तर सुमारे दोन हजार वर्षांच्या इतिहासात आहे, एवढे मला वाचनातून उमगले आहे.

यकृताचे राज्य

आपल्याकडे चरकसंहितेत रक्त वाहणाऱ्या स्रोतांचे मूळ यकृत आणि प्लीहा म्हणून सांगितले आहे. प्लीहा म्हणजे आपण जिला पाणथरी म्हणतो ती. त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात सोळावा अध्याय पांडुरोगाचा आहे, म्हणजे शरीर फिकट पडण्याच्या विकाराचा. आणि कामला, म्हणजे कावीळ, तीही त्याच अध्यायात येते. फिकटपणा आणि कावीळ ही दोन दुखणी जुन्या वैद्यांना एकमेकांची सोयरी वाटली होती. उपायांत लोह आणि मंडूर आहेत. सूक्ष्मदर्शक नाही, रक्ताची तपासणी नाही. नुसत्या डोळ्यांनी रोगी पाहून केलेले हे निरीक्षण आहे.

पश्चिमेला इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्याने याच विचाराला मोठी चौकट दिली. अन्न पचते, त्याचा रस यकृतात येतो, यकृत त्याचे रक्त करते, ते रक्त शिरांतून अवयवांकडे जाते आणि तिथेच जिरून जाते. पाटाचे पाणी शेतात जिरते तसे. गेलेले रक्त परत येत नाही. यकृत रोज नवे बनवते. हा विचार अरबी भाषांतरांतून इब्न सीनापर्यंत आणि तिथून युनानी हकीमांपर्यंत आला. ‘जिगर कमजोर आहे, म्हणून खून बनत नाही,’ हे वाक्य आपल्या शहरांतल्या हकीमांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या होते, त्याचे मूळ इथे आहे.

या चौकटीला पहिला तडा तेराव्या शतकात गेला. दमास्कसला शिकलेला आणि कैरोत वैद्यकी करणारा इब्न अल-नफीस याने १२४२ मध्ये इब्न सीनाच्या शरीरशास्त्रावर भाष्य लिहिले. हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त मधल्या पडद्यातून डावीकडे झिरपत नाही, ते फुप्फुसांतून फिरून डावीकडे येते, असे त्याने स्पष्ट म्हटले. रक्त एका वाटेने जाते आणि दुसऱ्या वाटेने येते, ही कल्पना इथे प्रथम दिसते. मात्र त्याचे हे भाष्य पुढे विस्मरणात गेले. १९२४ मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरला त्याची हस्तलिखित प्रत बर्लिनच्या ग्रंथालयात सापडली, तेव्हा जगाला त्याची नव्याने ओळख झाली.

यकृताचे राज्य खऱ्या अर्थाने उलथले ते १६२८ मध्ये. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने रक्ताभिसरणावरचे पुस्तक छापले. त्याचे सर्वांत धारदार शस्त्र होते अंकगणित. हृदयाच्या एका ठोक्याला अगदी थोडे रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासात ते इतके होते, की कितीही जेवलेल्या माणसाचे यकृत तेवढे बनवू शकणार नाही. म्हणजे रक्त जिरत नाही, ते फिरते. तेच रक्त पुन्हा पुन्हा येते.

त्यानंतर १६५१ मध्ये फ्रान्सच्या झाँ पेके याने दाखवले, की अन्नातला दुधाळ रस यकृताला वळसा घालून एका वेगळ्या नळीने थेट रक्तात मिसळतो. मग कोपनहेगनच्या थॉमस बार्थोलिनला राहवले नाही. १६५३ मध्ये त्याने यकृताची सत्ता संपली असे जाहीर करून चक्क यकृताचा मृत्युलेख लिहिला. शास्त्राच्या पुस्तकात थडग्यावरचा मजकूर! पण मृत्युलेखाला वर्ष होते न होते, तोच १६५४ मध्ये इंग्लंडच्या फ्रान्सिस ग्लिसनने यकृतावर एक सबंध ग्रंथ लिहिला आणि आतड्यांकडून येणारे रक्त यकृतातून गाळून पुढे हृदयाकडे कसे जाते, ते मांडले. यकृत रक्ताचा कारखाना नसेल, पण रक्ताच्या वाटेवरचा मोठा नाका आहे. मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त या नाक्यावरून जाते. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश पोट, आतडी आणि पाणथरी यांच्याकडून एका मोठ्या शिरेने येते. तिला डॉक्टर पोर्टल शीर म्हणतात. आपण तिला नाक्याकडे येणारा हमरस्ता म्हणू.

नाका अडला, की

१८१९ मध्ये फ्रान्सच्या रेने लेनेक या डॉक्टरने छातीच्या आजारांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. छातीला लावायची नळी, म्हणजे आजच्या स्टेथस्कोपची आजी, ती याचीच. याच ग्रंथात त्याने कडक, गाठाळ आणि पिवळट तपकिरी झालेल्या यकृताचे वर्णन करून त्याला एक ग्रीक नाव दिले: सिरोसिस. शब्दाचा अर्थ नुसता रंगाचा आहे. पण रंगापेक्षा कडकपणा महत्त्वाचा होता. मऊ यकृताच्या जागी व्रणांचे जाळे तयार झाले, की रक्ताला वाट मिळत नाही. धरणाची दारे बंद केल्यावर पाणी मागे फुगते, तसा हमरस्त्यावर रक्ताचा फुगवटा येतो. पाणथरी सुजते. पोटात पाणी होते, तेच जलोदर. आणि अन्ननलिकेतल्या बारीक शिरा, ज्यांनी एरवी थोडेसे रक्त वाहायचे, त्या फुगून दोरखंडासारख्या होतात. त्यातली एक फुटली, म्हणजे ती रक्ताची उलटी.

आता या गोष्टीत फिकटपणा कुठून आला? १८९४ मध्ये फ्लॉरेन्सच्या ग्विदो बांती याने एक क्रम नोंदवला. आधी पाणथरी वाढते आणि रोगी फिकट पडतो. पुढे यकृत कडक होते, पोटात पाणी होते. त्याला वाटले, मूळ दुखणे पाणथरीचे. तीच रक्ताची नासाडी करते आणि यकृतालाही बिघडवते. पाणथरी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. १९३० आणि १९४० च्या दशकांत न्यूयॉर्कचे अ‍ॅलन व्हिपल आणि त्यांचे सहकारी शस्त्रक्रियेच्या टेबलावर या शिरांतला दाब मोजू लागले, तेव्हा क्रम उलटा निघाला. अडथळा पुढे होता, पाणथरी मागच्या फुगवट्याने सुजली होती. सुजलेली पाणथरी मात्र रक्तपेशी अडवून ठेवते आणि मोडते, हे बांतीचे निरीक्षण चुकीचे नव्हते.

यकृताच्या रोग्याचे रक्त एका वाटेने कमी होत नाही, पुष्कळ वाटांनी होते. फुगलेल्या शिरांतून थेंब थेंब किंवा एकदम जाते. पाणथरीत अडकते. दारूमुळे हाडांतला मगज, जिथे तांबड्या पेशी जन्मतात, तो मंदावतो. पेशी बनायला लागणारी जीवनसत्त्वे कमी पडतात. यातल्या शेवटच्या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो.

काळीज खाऊ घालणारे डॉक्टर

१९२० च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज व्हिपल (हे वेगळे व्हिपल, अ‍ॅलन नव्हेत) कुत्र्यांचे रक्त मुद्दाम कमी करून कोणत्या अन्नाने ते लवकर भरून येते, ते पाहत होते. सर्वांत वरचा क्रमांक यकृताचा लागला. त्यावरून बोस्टनच्या जॉर्ज मिनो आणि विल्यम मर्फी यांनी घातक रक्तक्षयाच्या रोग्यांना रोज भरपूर काळीज खाऊ घातले. तोवर हा आजार म्हणजे मरणच होते. १९२६ मध्ये त्यांनी ४५ रोग्यांची हकीकत छापली. फिकट माणसे पुन्हा तांबूस झाली होती. या तिघांना १९३४ चे नोबेल मिळाले. मिनो स्वतः मधुमेही होते आणि नव्यानेच निघालेल्या इन्सुलिनवर जगत होते.

काळजात असे काय होते? ते कळायला १९४८ साल उजाडले. ब-१२ जीवनसत्त्व वेगळे काढता आले, आणि उलगडले, की शरीर त्याचा साठा यकृतातच करते. यकृत रक्त बनवत नव्हते. रक्ताची शिदोरी सांभाळत होते.

याच सुमारास, १९२८ मध्ये, लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. हाफकिन संस्थेत आणि कामा इस्पितळात तिने गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर काम केले. गिरणगावातल्या गरीब बायका, पडद्यातल्या गरीब मुसलमान बायका. त्यांच्या ताटात काय असते आणि काय नसते, याची तिने बारकाईने चौकशी केली. कॉलेजात आम्हाला मुंबईचा जो इतिहास शिकवला गेला, त्यात गिरण्यांचे संप होते, सभा होत्या. या बायकांची ताटे नव्हती. १९३१ मध्ये विल्सबाईंनी छापून दाखवले, की यिस्टपासून केलेले मार्माइट नावाचे स्वस्त खाद्य दिले, तरी या बायकांचे रक्त सुधारते. पुढे असेही दिसले, की यकृताचा शुद्ध केलेला अर्क इथे निरुपयोगी आहे, कच्चा अर्क मात्र लागू पडतो. म्हणजे काळजात आणखी एक वेगळी वस्तू होती. १९४१ मध्ये ती पालकाच्या पानांतून वेगळी काढली गेली आणि लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून तिला फोलिक अ‍ॅसिड नाव मिळाले. त्याचाही साठा यकृतात असतो. दारूने यकृत खराब झालेल्या माणसाचा हा साठा लवकर संपतो, आणि त्याच्या तांबड्या पेशी मोठ्या पण थोड्या होतात.

ऊबदार हाताचे कोडे

इथवर हिशेब सरळ दिसतो: यकृत बिघडले, रक्त उणे झाले, तर रक्त भरावे. पण इतिहासाने इथे एक वळण घेतले. मिनो ज्या थॉर्नडाइक प्रयोगशाळेचे वीस वर्षे प्रमुख होते, तिथेच, बोस्टनच्या सिटी इस्पितळात, कोवाल्स्की आणि एबलमन या दोघांनी सिरोसिसच्या रोग्यांचे हृदय मिनिटाला किती रक्त उपसते, ते मोजले. १९५३ मध्ये निष्कर्ष छापले. आजारी, खंगलेल्या माणसांचे हृदय मंद चालत असेल, असे कुणालाही वाटले असते. पण यातल्या बऱ्याच जणांचा उपसा निरोगी माणसापेक्षा जास्त निघाला.

याची चिन्हे हाताला लागतात. असा रोगी चेहऱ्याने फिकट असतो, पण त्याचे हात ऊबदार असतात, तळवे लालसर असतात, नाडी जोरात उडते. घरच्यांना वाटते, हात तर गरम आहे, रक्त आहे अंगात. खरे म्हणजे ती ऊब सुबत्तेची नसते. बाहेरच्या रक्तवाहिन्या सैल पडून सताड उघड्या झालेल्या असतात, आणि हृदय त्या भरण्यासाठी धावत असते.

यात रक्तक्षयाचा हात किती, हे समजायला हार्वेसारखे अंकगणित करून पाहू. धडधाकट माणसाच्या शंभर मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅमच्या आसपास हिमोग्लोबिन असते आणि ते जवळपास २० मिलिलिटर प्राणवायू वाहते. हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त फिरवते, म्हणजे लिटरभर प्राणवायू शरीरात रवाना होतो. हिमोग्लोबिन साडेसातवर आले, की तेवढ्याच रक्तात अर्धाच प्राणवायू मावतो. तोटा भरायचा तर अवयवांनी रक्तातून जास्त प्राणवायू ओढून घ्यायचा, किंवा हृदयाने जास्त फेऱ्या मारायच्या. बैलगाडीत निम्मा माल बसत असेल, तर खेपा वाढवाव्या लागतात.

शिवाय पेशी कमी म्हणून रक्त पातळ. पातळ रक्त नळ्यांतून सहज धावते, वाटेतला अडथळा आणखी कमी होतो. तिसरी गोष्ट विसाव्या शतकाच्या शेवटी कळली. रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवते आणि त्याने वाहिन्या सैलावतात. या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले. १९९१ मध्येच पॅट्रिक व्हॅलन्स आणि साल्वादोर मोन्काडा यांनी असे मांडले होते, की सिरोसिसमध्ये हा वायू जास्त तयार होतो, म्हणून वाहिन्या सताड उघडतात. आणि हिमोग्लोबिनचे एक काम हा वायू टिपून घेण्याचेही आहे. हिमोग्लोबिन कमी, म्हणजे टिपणारा कमी, म्हणजे वाहिन्या आणखी सैल. यकृताचा आजार जी धाव सुरू करतो, तिला फिकट रक्त अशी हवा देते. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात सिरोसिसच्या फिकट रोग्यांचे हिमोग्लोबिन वाढवून पाहिले, तेव्हा ही धाव काहीशी आवरलेली त्यांना दिसली.

यात आणखी एक भोवरा आहे. वाहिन्या उघड्या पडल्या, की दाब उतरतो आणि मूत्रपिंडांना वाटते, शरीर कोरडे पडले. ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. त्याने रक्ताचे एकूण आकारमान वाढते, पण वाढतो तो पातळ भाग. पेशी तेवढ्याच राहतात. त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा आणखी खाली दिसतो. काळजाचे पाणी होणे म्हणतात, ते इथे जवळजवळ अक्षरशः घडते. रक्त उणे आहे आणि रक्तवाहिन्यांतला भार अधिक आहे, ही दोन्ही विधाने एकाच माणसाबद्दल एकाच वेळी खरी असतात. या रोगाची मेख इथे आहे.

बाटली कधी द्यावी

आता त्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांकडे येऊ. फुगलेली शीर फुटली, रक्त गेले. रक्त गेल्याने दाब उतरला, आणि हमरस्त्यावरचा फुगवटाही थोडा ओसरला. निसर्गाने स्वतःच लावलेला हा ब्रेक आहे. अशा वेळी घाईने बाटलीमागून बाटली दिली, तर नाका अडलेलाच असल्याने फुगवटा पुन्हा चढतो आणि शिरेवरची कच्ची खपली उडू शकते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे १९८० च्या दशकातच दिसले होते. पण माणसांच्या बाबतीत पक्का पुरावा यायला वेळ लागला.

तो जानेवारी २०१३ मध्ये आला, पुन्हा बार्सिलोनाहून. कान्दिद व्हिल्यानुएव्हा आणि सहकाऱ्यांनी पोटातून रक्तस्राव झालेल्या ९२१ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त द्यायचे, दुसऱ्याला ९ च्या खाली गेले, की द्यायचे. पहिल्या गटातल्या निम्म्या रोग्यांना एकही बाटली लागली नाही. सहा आठवड्यांनंतर त्या गटातले ९५ टक्के जिवंत होते. भरपूर रक्त दिलेल्या गटातले ९१ टक्के. पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाण पहिल्या गटात १० टक्के, दुसऱ्यात १६. सिरोसिसच्या रोग्यांत ज्यांचे यकृत अगदीच शेवटच्या पायरीवर नव्हते, त्यांना जपून रक्त देण्याचा फायदा स्पष्ट दिसला. आणि पोर्टल शिरेचा दाब मोजला, तेव्हा सढळ हाताने रक्त दिलेल्यांत तो चढलेला आढळला.

यातून ‘रक्त देऊच नये’ असा अर्थ कुणी काढू नये. ज्यांचे रक्त धो धो वाहत होते, अशा रोग्यांना त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. तिथे रक्तच जीव वाचवते. ज्याला हृदयविकारही आहे, त्याचा हिशेब वेगळा. आणि फार कमी हिमोग्लोबिनही बरे नाही. तांबड्या पेशी वाहताना प्लेटलेट्‌सना वाहिनीच्या कडेला ढकलतात, म्हणून गळती लवकर बुजते. तांबड्या पेशी फारच घटल्या, तर रक्त थांबायलाही वेळ लागतो. म्हणून आजचे तज्ज्ञ मधली वाट सांगतात. इटलीतल्या बावेनो गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिषदांनी हीच शिफारस केली आहे: साधारण ७ च्या खाली गेल्यावर द्यावे आणि ७ ते ८ च्या दरम्यान ठेवावे. निरोगी माणसाचा १४-१५ चा आकडा गाठण्याचा हट्ट इथे धरायचा नसतो.

लोहाच्या गोळ्यांचेही असेच. फिकट दिसला, की लोह द्या, हा आपला घरगुती नियम. पण २००० च्या सुमारास शोध लागला, की शरीरात लोह किती शिरू द्यायचे, हे ठरवणारे हेप्सिडिन नावाचे संप्रेरक यकृतच बनवते. पहारेकरी आजारी पडला, की काही रोग्यांत लोहाचा साठा आधीच जास्त होतो, आणि तो यकृताला बाधतो. रक्तस्राव होत राहिलेल्या रोग्याला मात्र लोहाची खरीच गरज असते. दोघेही फिकट, दोघेही यकृताचे रोगी; औषध वेगळे. तपासणी करून घेतल्याशिवाय हे बाहेरून कळत नाही.

जुन्या समजुतीतले खरे

मग गेलनचे, चरकाचे, आपल्या हकीमांचे काय? ते सगळे वाया गेले का? तसे मला वाटत नाही. आईच्या पोटात बाळ असते, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून जवळजवळ सातव्या महिन्यापर्यंत त्याचे रक्त मुख्यतः यकृतातच तयार होते. पुढे ते काम हाडांचा मगज घेतो. जगातल्या प्रत्येक माणसाचे यकृत आयुष्यात एकदा रक्ताचा कारखाना होते. जन्मानंतरही ते ब-१२ आणि फोलिक अ‍ॅसिड साठवते, लोहाचे दार सांभाळते, रक्त गोठवणारी द्रव्ये बनवते आणि पोटाकडून येणारे सारे रक्त गाळून पुढे देते. बार्थोलिनने लिहिलेला मृत्युलेख घाईचा ठरला.

जुन्या समजुतीतले जे मोडले, ते मात्र मोडलेलेच बरे. रक्त म्हणजे पाटाचे पाणी, कमी पडले की वरून ओतावे, हे चित्र आपल्या मनात अजून तसेच आहे. यकृताच्या रोग्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला ते चित्र फसवते. तिथे किती रक्त आहे, याइतकेच ते कसे वाहते, कुठे अडते आणि कुठे उधळते, हेही पाहावे लागते.

म्हणून त्या रात्री डॉक्टरांनी एकच बाटली दिली, तर रागावण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. हिमोग्लोबिन किती आहे? रक्त वाहणे थांबले का? दुर्बिणीतून शीर बांधायची आहे का, आणि कधी? लोह, ब-१२, फोलिक अ‍ॅसिड यांची तपासणी झाली का? कोणताही समंजस डॉक्टर या प्रश्नांची उत्तरे देईल. आणि उरलेल्या तीन बाटल्यांची खंत करू नये. त्या रक्तपेढीत परत जातील. बाळंतपणात रक्त गेलेली एखादी बाई किंवा अपघातात सापडलेला एखादा मुलगा त्यांची वाट पाहत असेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)